जवानच आत अडकला तर…

गेल्या रविवारी दुपारी मी घरात एक प्रयोग केला. डोळ्यांवर जाड पंचा बांधला, हातात बागकामाचे चामडी मोजे चढवले, पाठीवर पुस्तकांनी भरलेली सॅक घेतली आणि आतल्या बेडरूमपासून मुख्य दारापर्यंत रांगत निघालो. या फ्लॅटमध्ये आम्ही चौदा वर्षं राहतोय. बायको हॉलमध्ये मोबाइलवर वेळ लावून बसली होती. उजवा हात भिंतीला लावून कपाटाला वळसा घातला. मग दिवाणाची फळी हाताला लागली. तीच भिंत समजून तिच्या कडेकडेनं गेलो आणि फिरून पुन्हा त्याच कपाटाशी आलो. दाराची कडी सापडली तेव्हा चार मिनिटं दहा सेकंद झाली होती. एरवी हे अंतर अकरा पावलांचं आहे.

यात धूर नव्हता, उष्णता नव्हती, आणि मी कुणाला ओढतही नव्हतो.

गेले काही महिने एक प्रश्न डोक्यात घर करून आहे. आगीची वर्दी गेली की बंब येतो, जवान आत शिरतात, आणि आपण खाली रस्त्यावर उभे राहून वर बघतो. आतल्या माणसांना जवान काढतील हे आपण धरूनच चालतो. पण जवानच आत अडकला तर? पायाखालची तक्तपोशी खचली, छताची पीओपी अंगावर आली, वायरींच्या जंजाळात पाठीवरचा सिलिंडर गुंतला, किंवा धुरात नुसती दिशा चुकली, तर त्याला कोण काढणार? याचं उत्तर म्हणून जगभरातल्या अग्निशमन दलांनी एक स्वतंत्र तुकडी आणि तिचं स्वतंत्र प्रशिक्षण उभं केलं. तिला रॅपिड इंटरव्हेन्शन टीम म्हणतात, थोडक्यात आरआयटी. आग विझवणं हे या तुकडीचं काम नाही. बाहेर सज्ज राहायचं आणि आतला जवान अडचणीत आला तर त्याच्यासाठी आत जायचं, एवढंच तिचं काम.

हे काम एवढं अवघड का, ते हवेच्या हिशेबावरून कळतं. जवानाच्या पाठीवरच्या सिलिंडरला आपण सर्रास ऑक्सिजनचं सिलिंडर म्हणतो, पण त्यात दाबून भरलेली साधी स्वच्छ हवा असते. मुखवटा, नळ्या, पट्टे धरून त्या सगळ्या साजाला बीए सेट म्हणतात. सिलिंडर ६.८ लिटरचा आणि दाब ३०० बार धरला, तर हवा होते साधारण २,००० लिटर. निवांत बसलेल्या माणसाला मिनिटाला सहा-आठ लिटर हवा पुरते. काम करणाऱ्या जवानासाठी हिशेबाला ४० लिटर धरतात, म्हणजे कागदावर पाऊण तास. पण जिना चढून, पाण्यानं भरलेला होज ओढत, तापलेल्या खोलीत काम करताना हाच आकडा ८० ते १०० लिटरवर जातो आणि पाऊण तासाची वीस-पंचवीस मिनिटं होतात. दाब ५५ बारच्या आसपास उतरला की सेटची शिट्टी वाजायला लागते. त्या वेळी सिलिंडरमध्ये साधारण ३७० लिटर हवा उरलेली असते. घाबरून धापा टाकणाऱ्या माणसाला ती चार मिनिटं पुरते. माझ्याच घरात मला दार सापडायला लागली तेवढीच.

आता कुणालाही वाटेल की दोन दणकट गडी आत पाठवा, खांद्यावर टाकून आणतील. हा समज मोडला तो अमेरिकेतल्या फिनिक्स शहरात. १४ मार्च २००१ रोजी तिथल्या एका सुपरमार्केटच्या आगीत एक फायरफायटर वाट चुकला, त्याची हवा संपली आणि तो गेला. त्यानंतर त्या दलानं फार प्रामाणिक काम केलं. रिकाम्या मोठ्या इमारती घेतल्या, आपल्याच माणसांना आत अडकलेला जवान म्हणून ठेवलं आणि सुमारे २०० वेळा सुटकेचा सराव करून वेळा मोजल्या. निष्कर्ष असा निघाला की एका जवानाला बाहेर काढायला सरासरी बारा जण लागतात, सुमारे २१ मिनिटं जातात, आणि सुटकेला गेलेल्या दर पाचांपैकी एक जण स्वतःच अडचणीत येतो. हे सगळं सरावात, खऱ्या आगीशिवाय.

बारा माणसं आणि एकवीस मिनिटं. आता वरच्या चार मिनिटांशी हे ताडून बघा.

पाचातला एक अडकतो, याचा अर्थ मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टर शहराला त्याआधीच कळला होता. ३ डिसेंबर १९९९ ला तिथल्या एका जुन्या, जवळपास बिनखिडक्यांच्या शीतगृहाला आग लागली. कुणी बेघर माणसं आत असतील म्हणून शोधायला गेलेले दोन जवान चुकले. त्यांना शोधायला गेलेले चौघेही परतले नाहीत. शेवटी तिथला अधिकारी जिन्याच्या दारात आडवा उभा राहिला आणि त्यानं पुढच्या माणसांना आत जाऊ दिलं नाही. ती माणसं मागे हटायला तयार नव्हती, कारण आत त्यांचे जोडीदार होते. मला वाटतं, या सगळ्या विषयाचा गाभा त्या दारात आहे. जीव तोडून आत धावणारी माणसं दलात भरपूर असतात, ती तिथं येतातच त्यासाठी. धावल्यावर हातांना काय करायचं ते माहीत असणं ही वेगळी गोष्ट आहे आणि ती शिकवावी लागते.

शिकवायची सुरुवात होते मदत मागण्यापासून. आपल्याला हा पाठ किरकोळ वाटतो, पण शिकवणारे यालाच सर्वांत जास्त वेळ देतात. ‘मेडे’ हा शब्द १९२० च्या दशकात लंडनजवळच्या क्रॉयडन विमानतळावर रूढ झाला. ‘मला मदत करा’ या अर्थाच्या फ्रेंच शब्दांच्या उच्चारावरून तो घेतला. रेडिओवर तो तीनदा म्हणायचा, मग मी कोण, कुठं आहे, काय झालंय आणि हवा किती उरली ते सांगायचं. अडचण ही की माणूस मेडे उशिरा देतो. ‘अजून एक खोली बघतो, दार इथंच असेल’ म्हणत हवा संपवतो. आपल्यामुळे चार जण आत येतील ही भीती असते, कमीपणाही वाटतो. शिवाय जाड मोज्यांतल्या बोटांना रेडिओचं बटण पटकन सापडत नाही. म्हणून प्रत्येक जवानाला तोंडावर मुखवटा, हातात मोजे असताना, पालथं पडून, एक हात अंगाखाली दाबलेला असताना मेडे द्यायला लावतात. आठ-दहा वेळा केल्यावर बोट आपोआप बटणावर जातं.

बोलण्याचीही ताकद उरली नाही तर अंगावरचं छोटं यंत्र बोलतं. जवान साधारण तीस सेकंद हलला नाही, तर ते कर्कश आवाजात ठणाणा करायला लागतं. त्या आवाजाच्या रोखानं जायचं म्हणणं सोपं आहे. बंद खोलीत आवाज चारी भिंतींवरून येतो. म्हणून सरावात तुकडीला मध्येच थांबवून सगळ्यांना श्वास रोखून ऐकायला लावतात, मग पुन्हा पुढे, पुन्हा थांबा.

वाट चुकलेल्याला स्वतःलाही काही करता येतं. त्यातली एक गोष्ट मला फार आवडली. होजच्या दोन लांब्या जिथं जोडलेल्या असतात तो धातूचा जोड चाचपायचा. आपल्याकडच्या जोडात एक तुकडा दुसऱ्यात घुसतो आणि बाहेरच्या तुकड्याला दोन खिट्ट्या असतात. खिट्ट्यांची बाजू बंबाकडे असते. म्हणजे मिट्ट काळोखात, मोजे घातलेल्या हातानं, नुसत्या खिट्ट्या लागल्या तरी बाहेरची दिशा कळते. रस्त्यावर पसरलेला होज आपण ओलांडून जातो. आतल्या माणसाचा तो परतीचा धागा असतो. त्यावरून गाड्या नेऊ नयेत, ही माझी पोटतिडकीची विनंती इथंच सांगून ठेवतो.

आता समजा तुकडी पोचली, हात जवानाच्या बुटाला लागला. पहिली इच्छा होते ती ओढायची. प्रशिक्षणात पहिल्या दिवशी हीच इच्छा मोडतात. आधी हवा. मुखवटा जागेवर आहे का, काटा किती दाखवतोय, शिट्टी वाजतेय की वाजून थांबलीय. तुकडीनं बरोबर एक सुटा सिलिंडर, नळी आणि मुखवटा असलेली पिशवी आणलेली असते. त्याच्या सेटला नळी जोडायची, जमत नसेल तर मुखवटा बदलायचा. मुखवटा बदलताना दोन श्वासांपुरता धूर त्याच्या तोंडाशी येऊ शकतो, म्हणून हे काम आधी उजेडात, मग अंधारात, मग आरडाओरड्यात असं परत परत करून घेतात.

मग पट्टा. हा भाग जवळून बघण्यासारखा आहे. बीए सेटच्या कंबरेच्या पट्ट्याचं बक्कल सोडायचं. एक टोक बेशुद्ध माणसाच्या मांडीखालून, दोन्ही पायांच्या मधून काढून घ्यायचं आणि पुन्हा दुसऱ्या टोकाला अडकवून आवळायचं. मग खांद्याचे पट्टे ओढून घट्ट करायचे. आता तो सेट त्याच्या अंगाला लंगोटासारखा बांधला गेला आणि खांद्याच्या पट्ट्याला धरून माणूस ओढता येतो. हे न करता ओढलं तर सेट वर सरकतो, डोक्यावरून निघतो, मुखवटा तिरका होतो आणि माणूस जागच्या जागीच राहतो. सांगायला तीन वाक्यं लागली. पण तो माणूस कुशीवर पडलेला असतो, पाय दगडासारखे जड असतात, बक्कल अंगाखाली दबलेलं असतं आणि आपल्याला काहीच दिसत नसतं. चामडी मोज्यांनी बक्कल चाचपत बसलेल्या माणसाला दहा सेकंद किती मोठी असतात, याची थोडी कल्पना मला त्या रविवारी आली. मी सॅकचं बक्कल सोडून पुन्हा लावायचा प्रयत्न केला. दोनदा सुटलं, तिसऱ्यांदा लागलं.

त्यानंतर ओढणं. अंगावरचा पोशाख, हेल्मेट, बूट, बीए सेट मिळून वीस-पंचवीस किलो होतात. पंच्याहत्तर किलोचा जवान म्हणजे शंभर किलोचं पोतं, आणि या पोत्याला हात-पाय आहेत, ते दाराच्या चौकटीत अडकतात. एक जण पुढून ओढतो, दुसरा मागून त्याचा पाय खांद्यावर घेऊन ढकलतो, आणि दोघांचा जोर एकाच क्षणी लागावा म्हणून एक जण हाळी देतो. जिना उतरणं जमतं, चढणं महाकठीण. तळघरातून किंवा बेसमेंट पार्किंगमधून वर आणायचं असेल तर दर चार-पाच पायऱ्यांना माणसं बदलावी लागतात. बारा माणसं कुठं लागतात ते इथं कळतं.

काही सराव खऱ्या मृत्यूंमधून आलेत. १९९२ साली डेन्व्हरमध्ये एक फायरफायटर कपाटांच्या गर्दीनं अरुंद झालेल्या खोलीत खिडकीखालीच पडला होता. वाट सुमारे ७१ सेंटिमीटर रुंद, खिडकी जमिनीपासून सुमारे १०७ सेंटिमीटर वर आणि जेमतेम ५० सेंटिमीटर रुंद. बाहेर माणसं होती, आत माणसं होती, पण वाकायला जागा नसल्यामुळे कुणालाच त्याला उचलता येईना. तो वाचला नाही. पुढे तशाच मापाची लाकडी चौकट बनवून सराव सुरू झाला. त्याला आजही डेन्व्हर ड्रिल म्हणतात. एक जण पडलेल्याच्या वरून सरपटत खिडकीखाली जातो, भिंतीला पाठ टेकून गुडघे वर घेऊन बसतो आणि आपल्या मांड्यांचाच उतार करतो. दुसरा पडलेल्याला त्या उतारावरून वर सरकवतो, बाहेरचे हात त्याला ओढून घेतात. युक्ती साधी आहे, पण ती कुणालाही ऐनवेळी सुचत नाही.

हे वाचताना मी आमच्या खिडकीकडे पाहिलं. तिला ग्रिल आहे. पुण्यात बहुतेक सगळ्यांच्या खिडक्यांना ग्रिल आहे, वर कुंड्या, बाजूला एसीचं युनिट. तिकडच्या पुस्तकातला सराव इथं जसाच्या तसा चालणार नाही. तिकडच्या घरांच्या आतल्या भिंती लाकडी पट्ट्यांवर ठोकलेल्या पातळ तक्त्यांच्या असतात, कुऱ्हाडीनं भोक पाडून शेजारच्या खोलीत जाता येतं. आपली नऊ इंची विटांची भिंत तसं करू देत नाही. उलट आयटी कंपन्यांच्या ऑफिसांत प्लाय आणि जिप्समची पार्टिशनं असतात, तिथं तो धडा कामाला येतो, आणि तिथंच फॉल्स सीलिंगमधून लोंबणाऱ्या केबल्सचा धोकाही असतो. केबलीत अडकलं की माणूस पुढे जोर लावतो आणि फास आवळतो. शिकवतात ते उलटं: थांबा, मागे या, कुशीवर वळा, पोहताना मारतो तसा हात डोक्यावरून मागे फिरवून सिलिंडरमागची वायर वर काढा. नाही निघाली तर खिशातला कटर.

पेठांमधलं प्रकरण आणखी वेगळं. बोळ एवढा अरुंद की बंब तोंडाशीच थांबतो. आत चौक, सागवानी खांब, मातीच्या भिंती आणि एकाच माणसाला जेमतेम जागा देणारा लाकडी जिना. त्या जिन्यावरून शंभर किलोचं ओझं खाली आणायचं, तर दोघं शेजारी-शेजारी उभे राहूच शकत नाहीत. आणि जुनी इमारत जळताना उभी राहीलच असं नाही. ९ मे २०१५ ला मुंबईत काळबादेवीची गोकुळ निवास इमारत आगीत कोसळली. मुंबई अग्निशमन दलाचे चार वरिष्ठ अधिकारी त्यात गेले, दोन त्याच दिवशी आणि दोन नंतर उपचार चालू असताना. आपल्या वाड्यांसाठीचा पहिला धडा म्हणून आत कधी जायचं नाही हेही शिकवावं लागेल.

म्हणून बाहेर ‘सज्ज’ असलेली तुकडी नुसती उभी नसते. इमारतीला पूर्ण फेरी मारते, कुठल्या खिडकीला शिडी लागेल ते बघते, आतले जवान ज्या मजल्यावर आहेत तिथलं ग्रिल मेडे येण्याआधीच कापून ठेवते, मागचं दार उघडून ठेवते. दारात एक जण फळा धरून असतो. आत कोण गेलं, किती वाजता, सिलिंडरमध्ये दाब किती होता, शिट्टी कधी वाजेल, हे त्यावर लिहिलेलं असतं. अमेरिकेत १९९८ पासून कायद्यानं ठरवलंय की धुरात दोघं आत गेले तर सुसज्ज दोघं बाहेर हवेत. वरचं बारांचं गणित पाहता ती सुरुवात आहे, पण तीसुद्धा माणसं कमी पडली की पहिली सुटते.

सराव पायरीपायरीनं चढवतात. आधी उजेडात, गणवेशाशिवाय. मग पूर्ण साजात. मग मुखवट्याच्या काचेवर कापड लावून आंधळं करून. मग नाटकात वापरतात तसला निरुपद्रवी धूर, मोठ्यानं लावलेला आवाज, मुद्दाम लोंबत सोडलेल्या वायरी. खरी आग आणि पडलेला खरा माणूस एकत्र आणायचा नाही, हा नियम मात्र मोडायचा नाही. २५ सप्टेंबर २००१ ला न्यूयॉर्क राज्यातल्या लेअर्ड्सव्हिल इथं अगदी याच सुटकेच्या सरावासाठी एका रिकाम्या घरात नव्या भरतीच्या तरुणाला अडकलेला जवान म्हणून वरच्या मजल्यावर ठेवलं आणि खाली खरी आग पेटवली. ती आवरली नाही. तो मुलगा सरावातच गेला. पुढे २०१० साली या प्रशिक्षणासाठी तिकडे स्वतंत्र मानक आलं. सराव कसा सुरक्षित ठेवायचा आणि तो परत परत का करायचा, हे त्यात लिहिलेलं आहे. हातांची सवय सहा महिन्यांत पुसट होते, पक्कं लक्षात आहे असं वाटत असतानाच.

या सरावासाठी लागते ती जागा, आणि इथं पुण्याकडे एक गोष्ट मुबलक आहे. आपल्याकडे पेठांपासून कोथरूडपर्यंत जुन्या इमारती आणि वाडे पुनर्विकासाला निघालेत. माणसं बाहेर पडल्यापासून पाडकाम सुरू होईपर्यंत त्या रिकाम्या असतात. प्रशिक्षण केंद्रातला मनोरा चांगलाच, पण जवानांना त्याची पायरी न् पायरी पाठ होते. अशा इमारतीत मात्र खरा जिना, खरी अरुंद मोरी, खरी ग्रिलं मिळतात, आणि आतली रचना कुणालाच ठाऊक नसते. पाडायला काढलेली घरं अशी सरावाला देण्याची पद्धत अमेरिकेत जुनी आहे. आग लावायची गरज नाही. वीज आणि गॅस तोडायचे, बांधकाम आधी तपासून घ्यायचं, खिडक्यांना काळा कागद लावायचा आणि धुराचं यंत्र चालू करायचं. बिल्डरचं काही नुकसान नाही, भिंत फुटली तर ती तशीही फुटणारच होती. १४ ते २० एप्रिलच्या अग्निशमन सेवा सप्ताहात आपण मुलांना बंब दाखवायला नेतो. त्याच आठवड्यात अशी एखादी इमारत मिळाली तर किती बरं होईल.

आमची सोसायटीही पुनर्विकासाला निघाली आहे. चाव्या दिल्यावर पाडकाम सुरू होईपर्यंत मध्ये तीन आठवडे आहेत. मी सेक्रेटरी काकांना तसं पत्र लिहून दिलं, पुढच्या सभेत विषय घ्या म्हणून. त्यांनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं आणि विचारलं, “भंगारवाला सगळ्यात आधी ग्रिलं काढून नेतो. त्याला थांबायला सांगायचं का?”

मी म्हटलं, हो काका, ग्रिलं राहू द्यात.